हार घालून बाजूला ठेवलेला सिद्धांत

खारघर, ऐरोली किंवा घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत एकाच मजल्यावर दहावीची दोन मुले सहज सापडतील: एक राज्य मंडळाच्या शाळेतले, दुसरे सीबीएसईचे. राज्य मंडळाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. सीबीएसईच्या मुलाच्या पुस्तकातही हे दोन विषय एकाच धड्यात होते. आता तिथे फक्त आनुवंशिकता उरली आहे. कोविडच्या काळात अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने उत्क्रांतीचा भाग बाजूला ठेवला आणि २०२३ मध्ये तो छापील पुस्तकातूनच गेला. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, हे खरे. पण दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला किंवा नुसते गणित घेऊन इंजिनिअरिंगकडे वळणाऱ्या मुलाची आणि उत्क्रांतीची शाळेत गाठच पडणार नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. फी, बस आणि गृहपाठ यांवर पालकांचा जो आवाज लागतो, तो इथे लागला नाही. याचे कारण पालकांना विज्ञान नको आहे असे मला वाटत नाही. कारण जुने आहे आणि आपल्या सवयीत आहे.

अमेरिकेत या सिद्धांताला उघड विरोध झाला. टेनेसी राज्यातल्या डेटन गावात १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला भरला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. तिथल्या लोकांना हा सिद्धांत आपल्या श्रद्धेला धक्का देतो हे नीट कळले होते, म्हणून ते भांडले. आपल्याकडे फारसे कोणी भांडले नाही. आपण डार्विनला हार घातला, ‘हे तर आमच्याकडे आधीपासूनच होते’ असे म्हटले आणि त्याला कोनाड्यात बसवले. विरोध करणाऱ्याला निदान समोरच्याचे म्हणणे ऐकावे लागते. आपल्यावर तीही वेळ आली नाही.

दशावतारांचेच बघा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमात जलचर ते माणूस असा प्रवास दिसतो, म्हणून पुराणात उत्क्रांती होती असे सांगितले जाते. ही तुलना नवी नाही, ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी ती १८८२ मध्येच केली होती. मत्स्यावताराची कथा ज्याला पूज्य आहे त्याने ती पूज्य मानावीच, माझे त्याबद्दल काहीच म्हणणे नाही. पण उत्क्रांतीचा सिद्धांत म्हणजे प्राण्यांची रांग नव्हे. एकाच जातीच्या जीवांमध्ये फरक असतात, त्यांतले काही पिढीत उतरतात, सगळ्यांना जगायला पुरेल इतके अन्न आणि जागा नसते, आणि म्हणून काही फरक पुढच्या पिढीत जास्त संख्येने दिसतात, हा तो सिद्धांत आहे. अवतारकथेत यातले काहीच नाही आणि असण्याची गरजही नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे, धर्माला ग्लानी आल्यावर काय होते हा. दोन्हींची सांगड घालताना आपण कथेलाही हलके करतो आणि विज्ञानालाही.

तसेच चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सजीव जातींचा एक अंदाज प्रसिद्ध केला: ८७ लाख, अधिक-उणे १३ लाख. लगेच ‘८४ आणि ८७, बघा किती जवळ!’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. त्या अंदाजात जिवाणू धरलेलेच नाहीत, आणि इतर पद्धतींनी काढलेले आकडे याच्या कितीतरी खाली आणि कितीतरी वर गेलेले आहेत. आकडा जुळला म्हणून अर्थ जुळत नाही. शिवाय योनींच्या कल्पनेत जाती आपापल्या ठिकाणी पक्क्या असतात, जीव तेवढा एकीतून दुसरीत जातो. डार्विनने नेमका जाती पक्क्या असण्यालाच हात घातला होता.

आपल्या शब्दानेही थोडा घोटाळा केला आहे. ‘उत्क्रांती’मधला ‘उत्’ वर नेतो. शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर जिना येतो: तळाशी अमीबा, मध्ये माकड, वरच्या पायरीवर पँट-शर्टातला माणूस. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम नाही. त्याचा शब्दप्रयोग होता ‘बदलांसह वंशागमन’. त्यात वर जाणे नाही, फांद्या फुटणे आहे. चिंपांझी हा आपला खापरपणजोबा नसून चुलत भाऊ आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपली आणि त्याची वाट वेगळी झाली. तेव्हापासून तोही तितकाच काळ बदलत आला आहे जितका आपण. शब्द आता बदलता येणार नाही, रुळला आहे. पण वर्गात तो फळ्यावर लिहिताना शिक्षकाने त्याच्याशेजारी झाड काढावे, जिना काढू नये.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादमध्ये म्हणाले की डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी मिळून त्याला उत्तर दिले. तो वाद व्यक्तीपुरता ठेवू नये, कारण ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो आणि तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर असे की विज्ञानात पाहणे म्हणजे फक्त डोळ्यांदेखत घडणे नव्हे. आधी भाकीत करायचे आणि मग ते खरे ठरते का हे तपासायचे, हेही पाहणेच.

माशांपासून चार पायांचे प्राणी झाले असतील तर मधली अवस्था साधारण ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या, उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत मिळायला हवी. त्या वयाचे खडक कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समीअर बेटावर उघडे पडले आहेत. संशोधक तिथे वर्षानुवर्षे जात राहिले आणि २००४ मध्ये त्यांना टिकटालिक या माशासारख्या प्राण्याचा जीवाश्म सापडला. त्याला खवले आहेत, कल्ले आहेत, आणि परांमध्ये मनगटासारखी हाडेही आहेत. दुसरे उदाहरण आपल्या पेशीतले. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांना गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्याला २३. पूर्वज एक असेल तर आपली एक जोडी हरवलेली नसून जोडली गेलेली असली पाहिजे, कारण अख्खे गुणसूत्र हरवून जीव जगत नाही. १९९१ मध्ये आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या पोटातच, जिथे असायचे काही कारण नाही अशा जागी, गुणसूत्राच्या टोकाला असणारी डीएनएची अक्षरे सापडली, दोन टोके एकमेकांना चिकटवल्यासारखी. आणि क जीवनसत्त्व? कुत्रा, गाय, शेळी यांना आवळा-लिंबू लागत नाही, त्यांचे यकृत ते बनवते. ते बनवण्याच्या साखळीतले शेवटचे जनुक आपल्यातही आहे, पण मोडलेले. माकडे आणि वानरे यांच्यातही ते मोडलेले आहे. गिनीपिगमध्येही ते बिघडले आहे, पण त्याचा बिघाड स्वतंत्र आहे. पुस्तकात अवशेषांगे, म्हणजे पूर्वजांकडून उरलेले अवयव, म्हणून आंत्रपुच्छ आणि अक्कलदाढ शिकवतात. त्यांच्याविषयी वाद घालता येतो. मोडक्या जनुकाविषयी वाद घालणे फार अवघड जाते.

हा सिद्धांत कोणी भाबडेपणाने स्वीकारला असेही नाही. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने विचारले की आईबापांचे गुण रंगांसारखे मिसळत असतील तर नवा उपयुक्त गुण दोन-चार पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल. डार्विनकडे याचे चांगले उत्तर नव्हते. उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांत होते आणि ते १८६६ मध्ये छापूनही झाले होते, पण १९०० पर्यंत कोणी त्याकडे पाहिले नाही. म्हणून आनुवंशिकता ठेवून उत्क्रांती काढणे मला विशेष खटकते. मेंडेलचे महत्त्व ज्या प्रश्नामुळे कळते तो प्रश्नच त्यामुळे काढला गेला.

ठाण्याजवळच्या आपल्या पारसिकच्या डोंगरात जीवाश्म मिळायचे नाहीत, तो लाव्ह्याचा काळा पत्थर आहे. पण लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये तळ्यांत साचलेला गाळ जिथे टिकला तिथे ते मिळतात. मुंबईतल्या अशाच थरातल्या छोट्या बेडकांचे जीवाश्म लंडनला पोहोचले आणि १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले रिचर्ड ओवेन यांनी, जे पुढे डार्विनचे मोठे विरोधक झाले. विरोधकाने नोंदवलेला पुरावाही पुरावाच असतो, विज्ञानाची ही रीत मुलांना या बेडकावरून सांगता येईल.

हे सगळे ज्ञानासाठी ज्ञान म्हणूनही मोलाचे आहे. पण माझा आग्रह त्यापुढचा आहे. ठाणे जिल्ह्यात उत्क्रांती न कळण्याची किंमत रोज मोजली जाते, आणि ती सर्वांत जास्त क्षयरोगाच्या दवाखान्यात मोजली जाते.

टीबीच्या रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे रोज का देतात? उत्तर पूर्णपणे उत्क्रांतीचे आहे. टीबीच्या जंतूंमध्ये साधारण १० लाखांत एक जंतू आयसोनियाझिड हे औषध न मिळताच त्याला दाद न देणारा असतो. रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हे प्रमाण साधारण १० कोटींत एक आहे. फुप्फुसात झालेल्या एका पोकळीत १० कोटी जंतू सहज असतात. म्हणजे औषधाची पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच तिथे आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा एखादा जंतू बसलेला असतो. एकटे आयसोनियाझिड दिले तर बाकीचे मरतात, हे शंभर उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. एकाच जंतूत दोन्ही बदल एकदम असण्याची शक्यता मात्र दहा लाख गुणिले दहा कोटींत एक, म्हणजे एकावर चौदा शून्ये. तेवढे जंतू एका माणसात नसतात. औषधे एकत्र देण्यामागचे सगळे गणित एवढेच आहे. १९४०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये एकट्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली तेव्हा रुग्ण आधी सुधारले, मग बऱ्याच जणांमध्ये औषध निकामी झाले. तिथून हा धडा मिळाला.

आता हे बिघडते कुठे ते पाहा. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, बांधकामावरचा मजूर गावी जातो आणि गोळ्या सुटतात. किंवा चारांतले एक औषध संपलेले असते आणि उरलेली चालू राहतात. किंवा गुण येत नाही म्हणून जुन्या औषधांत एकच नवे औषध घातले जाते. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण जुन्यांना जंतू आधीच दाद देत नसेल तर प्रत्यक्षात रुग्ण एकाच औषधावर असतो आणि ते नवे औषधही काही आठवड्यांत हातचे जाते. फसलेल्या उपचारात एकटे औषध कधीही वाढवू नये, हा टीबीच्या उपचारातला जुना नियम आहे. थुंकीच्या नमुन्यावर सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत रिफाम्पिसिनचा प्रतिरोध आहे की नाही हे सांगते. ते यंत्र जंतूच्या जनुकातला बदल वाचते. ‘कोणी पाहिले?’ असे विचारणाऱ्याला त्या यंत्राचा अहवाल दाखवावा.

इथे एक चुकीची समजूत डॉक्टरांच्या नावावरही फिरते. ‘औषधाची माणसाला सवय होते.’ सवय माणसाला होत नाही. जंतूलाही होत नाही. न दबणारे जंतू आधीपासून थोडे होते, ते आता जास्त झाले, इतकेच घडते. हा फरक शब्दांचा वाटतो, पण त्यावरून माणूस वेगळा वागतो. ‘मला सवय झाली’ असे मानणारा औषध बदलून मागतो. आपल्या शरीरातला निवडलेला जंतू घरच्यांना लागू शकतो आणि त्यांना पहिल्या दिवसापासून अवघड टीबी होऊ शकतो, हे कळलेला माणूस गोळी चुकवताना दोनदा विचार करतो. दुसरीकडे, टीबीचा नियम साध्या तापा-खोकल्याला लावू नये. अनेक साध्या जंतुसंसर्गांत आता कमी दिवसांचे उपचार पुरेसे ठरले आहेत, कारण जास्त दिवस प्रतिजैविक घेतल्याने आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंवर निवडीचा दाब वाढतो. सर्दीसारख्या विषाणूच्या दुखण्याला तर प्रतिजैविक घ्यायचेच नाही. डॉक्टरांनी लिहिले तितकेच घ्यावे, कपाटात उरलेली अर्धी पट्टी शेजाऱ्याला देऊ नये.

दुसरी जागा रक्ताची. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे. उल्हासनगरच्या सिंधी समाजात आणि कच्छी लोहाणा समाजात थॅलेसेमियाचे, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचे, वाहक जास्त आढळतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते. दोन्ही पालकांकडून ते जनुक आले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात आणि आजार होतो. एकाच पालकाकडून आले तर माणूस वाहक असतो, सहसा निरोगी असतो, आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकाराच्या गंभीर आजारापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. थॅलेसेमियाबद्दल असा तर्क ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला, सिकलसेलबद्दल संशोधक अॅलिसन यांनी १९५४ मध्ये पुरावा दिला. हाल्डेन पुढे भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि भुवनेश्वरला वारले. म्हणजे हे जनुक कुठल्या समाजाच्या रक्तातला दोष नाही. मलेरियाच्या रानात ज्यांचे पूर्वज तगले त्यांच्याकडे राहिलेली ती खूण आहे. शहापूर-मुरबाडच्या शिबिरात तपासणी करणाऱ्याला हे ठाऊक असेल तर त्याची भाषा बदलते. ‘तुमच्या लोकांत हा आजार आहे’ असे तो म्हणणार नाही.

तपासणीतही चुका होतात आणि त्या ठरलेल्या आहेत. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत, तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसल्या, म्हणजे एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि एमसीएच (पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली, की लोहाची कमतरता समजून महिनोन् महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी चाचणी राहूनच जाते. पेशी लहान पण त्यांची संख्या नेहमीइतकी किंवा जास्त असेल तर थॅलेसेमियाची शंका घ्यायलाच हवी. एचपीएलसीत हिमोग्लोबिन ए-२ साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर माणूस बहुधा वाहक असतो. पण लोह खूपच कमी असेल तर हा आकडा खाली येऊन फसवू शकतो, आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर चाचणीचा अर्थच लागत नाही. ही तपासणी लग्नापूर्वी व्हावी, निदान गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत तरी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. प्रत्येक वेळी, नव्याने. ‘पहिल्याला झाला, आता तिघे सुटले’ हा हिशेब चुकीचा आहे. गर्भाची तपासणी ११-१२ आठवड्यांच्या सुमारास करता येते. सोळाव्या आठवड्यात पहिली सोनोग्राफी करायला आलेल्या जोडप्याच्या हातून बराच वेळ गेलेला असतो.

जातीत लग्न करण्याच्या आपल्या चालीचा इथे थेट संबंध येतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातले लोक मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळले आणि मग ते मिसळणे आटले, गट बंद झाले. बंद गटात एखादे लपलेले जनुक दोन्हीकडून एकत्र येण्याची शक्यता वाढते. ‘शुद्ध रक्त’ हा ज्यांना अभिमान वाटतो त्यांनी हे विज्ञान नीट ऐकावे.

पण याच विज्ञानाच्या नावाने किती अघोरी प्रकार झाले हेही त्याच धड्यात शिकवायला हवे. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनने तो नंतर घेतला. आपल्याकडे त्याचे भाषांतर मनातल्या मनात ‘बळी तो कान पिळी’ असे झाले आणि आजही स्पर्धा परीक्षांच्या क्लासमधल्या भाषणांत तो त्याच अर्थाने येतो. ‘फिट’ म्हणजे बलवान नव्हे. त्या जागी, त्या काळी ज्याची पुढची पिढी जास्त उरते तो. डार्विनचा आतेभाऊ गाल्टन याने निवडक लोकांच्या संततीतून वंश सुधारण्याच्या कल्पनेला १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्र हे नाव दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली आणि त्या देशात ६०,००० हून अधिक माणसांची अशी नसबंदी झाली. जर्मनीत काय झाले ते जगाला माहीत आहे. आपल्याकडे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ली नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावत होते. डार्विन स्वतः गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता, पण माणसाच्या वंशाविषयीच्या त्याच्या १८७१ च्या ग्रंथात त्याच्या काळातले उच्च-नीचतेचे समज आहेत. तेही लपवू नयेत.

जात ही वंश सुधारण्यासाठी होती, असे आधुनिक विज्ञानाच्या आधारे म्हणणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच उत्तर दिले होते. एकाच जातीतल्या पोटजातींना आपसांत लग्न का बंद, आणि एकत्र जेवल्याने रक्तावर काय परिणाम होणार आहे, असा त्यांचा प्रश्न होता. सहभोजनावरची बंदी कुठल्याही जीवशास्त्रात बसत नाही, या एका मुद्द्याने तो सगळा डोलारा कोसळतो. हा युक्तिवाद समाजशास्त्राच्या पुस्तकात ठेवून जीवशास्त्राच्या शिक्षकाने मोकळे होऊ नये. विज्ञानाच्या गैरवापराला विज्ञानाच्याच भाषेत दिलेले ते उत्तर आहे आणि ते मराठी मुलाला आपले वाटेल.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर कार्ड मिळते. हे काम गरजेचे आहे. पण ते कार्ड पत्रिकेतला नवा दोष होऊ नये, वाहक मुलीचे लग्न त्यावरून मोडू नये, हे पाहावे लागेल. वाहकाने सिकलसेल किंवा थॅलेसेमिया यांपैकी कशाचेही जनुक नसलेल्या माणसाशी लग्न केले तर मुलांना आजार होत नाही. एवढे एक वाक्य कार्ड देताना बोलायला अर्धा मिनिट लागतो. जो समाज उत्क्रांतीचा धडा गाळतो तो निवड आणि निवाडा यांत गल्लत करण्याच्या जास्त जवळ असतो.

धर्माविषयी गुळमुळीत बोलू नये असे मला वाटते. उत्क्रांतीने देव आहे की नाही याचे उत्तर दिलेले नाही आणि तिला ते देताही येणार नाही. पण सजीवांची प्रत्येक जात वेगळी घडवली गेली, आणि डोळ्यासारखी गुंतागुंतीची रचना केवळ कोणीतरी योजूनच होऊ शकते, हे दोन दावे तिने मोडले आहेत. ते कुठल्याही धर्मग्रंथात असोत, मोडलेच आहेत. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये या विषयाच्या अभ्यासाला वाट दिली आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी हा सिद्धांत केवळ एक तर्क राहिलेला नाही असे मान्य केले, आत्म्याचा प्रश्न आपल्याकडे राखून. श्रद्धा सोडावी न लागता सत्य मान्य करता येते, हे त्यातून दिसते. आपल्या परंपरेला तर हे सोपे जायला हवे. झाडे-प्राणी आपले सोयरे आहेत हे आपल्या संतांनी अंतःकरणाने जाणले होते. जीवशास्त्र त्या सोयरिकीचे नाते अक्षरशः मोजून दाखवते. मात्र संतांना ते मोजमाप ठाऊक होते असे म्हणायची गरज नाही. त्याशिवायही ते मोठेच आहेत.

मुलांना हे कुठे दाखवायचे? खाडीत. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झाले, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. तिथे मोठा रोहित आणि छोटा रोहित एकाच चिखलात चरतात. दोघांचीही चोच उलटी धरून गाळायची, पण छोट्या रोहिताची गाळणी अगदी बारीक, सूक्ष्म शेवाळासाठी. मोठ्याची जाड, किड्या-कोळंबीसाठी. एक ताट, दोन चाळण्या. म्हणूनच चिखलपट मोकळे ठेवण्याऐवजी त्यांवर हिरवे दिसावे म्हणून कांदळवन लावणे म्हणजे एका जिवासाठी दुसऱ्याचे ताट काढून घेणे. ओहोटीला तिवरांच्या मुळ्यांशेजारी निवट्या हे छोटे मासे उड्या मारताना दिसतात. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून, ओल्या त्वचेतून श्वास घेत, परांच्या कुबड्या करून त्या चिखलावर चालतात. इथे शिक्षकाने सावध राहावे. ‘हाच मासा पुढे बेडूक झाला’ असे सांगणे चूक आहे. निवटी वेगळ्या फांदीवरची, चार पायांचे प्राणी मांसल परांच्या माशांच्या फांदीवरचे. चिखलाचा प्रश्न तोच होता, म्हणून दोन फांद्यांनी मिळतेजुळते उत्तर काढले. ही चूक सुधारली की जिना मोडतो आणि मुलाच्या मनात झाड उभे राहते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. सीबीएसईच्या दहावीत उत्क्रांती परत यावी, आणि राज्य मंडळाने नव्या पुस्तकात तिला हात लावू नये, ही मागणी पालकांनी आणि शिक्षकांनी आताच लेखी करायला हवी. पण नुसता धडा असून भागत नाही. राज्य मंडळाच्या वर्गातही माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांची आकृती पाठ करून धडा संपतो.

एका तासिकेत, पन्नास रुपयांच्या कडधान्यांत नैसर्गिक निवड हाताने करता येते. एक मीटर लांब-रुंद गोणपाट घ्यावे. मूग, मटकी आणि उडीद यांचे प्रत्येकी ४० दाणे, एकूण १२०, त्यावर विखरून टाकावेत. चौघांनी पक्षी होऊन पटापट टिपायचे, एका वेळी एक दाणा, एकूण ९० टिपले की थांबायचे. उरलेल्या ३० दाण्यांपैकी प्रत्येकाच्या जोडीला त्याच रंगाचे तीन दाणे घालायचे. पुन्हा १२० झाले. अशा चार पिढ्या. दर पिढीला रंगवार मोजणी फळ्यावर. गोणपाटावर मटकी वाढत जाते. मग दुसऱ्या गटाला हिरवे कापड द्यावे, तिथे मूग वाढतो. कोण तगते हे जागेवर ठरते, हे मुलांना भाषण न देता दिसते.

यात बिघडते ते असे. राजमा आणि मसूर एकत्र घेतले तर मुले रंगाऐवजी आकार निवडतात. बोटांनी चाचपून टिपू दिले तर रंगाचा परिणामच जातो, म्हणून दर दाण्यानंतर मान वर करायला लावावी. दाणे कमी घेतले, समजा एकूण १२, तर नशिबानेच एखादा रंग नाहीसा होतो. हे बिघडणेही उपयोगी आहे, लहान लोकसंख्येत तसेच होते आणि ते मुद्दाम दुसऱ्या दिवशी करून दाखवावे. आणि चौथ्या पिढीनंतर एखादा मुलगा हमखास म्हणतो की मटकीने स्वतःला गोणपाटासारखे करून घेतले. तेव्हा वही उघडून दाखवावे की एकाही दाण्याचा रंग बदललेला नाही, बदलली ती मोजणी.

परीक्षेतला प्रश्नही मग बदलता येईल. ‘डार्विनचा सिद्धांत स्पष्ट करा, गुण ५’ याऐवजी असा एक तक्ता द्यावा: एका रुग्णाच्या थुंकीत उपचाराच्या सुरुवातीला १० कोटी जंतू, त्यांपैकी १०० जंतू एका औषधाला न जुमानणारे. तेच एकटे औषध दिले. दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी दोन्ही प्रकारच्या जंतूंची संख्या कशी बदलेल, आलेख काढा. रुग्णाला बरे कधी वाटेल, ते आलेखावर खूण करून दाखवा.